हेडक्लार्कसाहेबांनी संगणकाची तक्रार ऐकून घेतली

त्या दिवशी हेडक्लार्कसाहेब चहा पिऊन नुसते गप्प बसले असते, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण सुट्टीचा दिवस, बायको कामात आणि आपण रिकामे! अशा वेळी भल्याभल्या नवऱ्यांना मदत करायची हुक्की येते. (बायकांना विचाराल तर त्या सांगतील, की घरातली निम्मी मोडतोड याच हुक्कीतून होते.)

साहेब पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभाग सांभाळत. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजाऱ्याला जास्त येतं, अशा हरतऱ्हेच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर येत. साहेबांचा नियम कडक होता. आलेल्या तक्रारीची नोंद झालीच पाहिजे, तिला क्रमांक पडलाच पाहिजे, तिच्या तीन प्रती निघाल्याच पाहिजेत आणि तिला उत्तर गेलंच पाहिजे. नळाला पाणी आलं पाहिजे, असं मात्र नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्याबद्दल साहेबांना दोष देता येत नाही.

त्यांच्या पत्नीला आपण वहिनी म्हणू, कारण सगळेच म्हणतात. वहिनी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की मागच्या बाकावरचं पोरसुद्धा झोपेतून उठून ऐकायला लागावं. दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी त्या एक जाडजूड कादंबरी वाचून रेकॉर्ड करत होत्या. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून झोपण्याच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात स्टूल टाकून बसायच्या. चहूबाजूंनी कोट, स्वेटर, रजया आणि मधे मायक्रोफोन घेऊन वहिनी. मायक्रोफोनची वायर कपाटाच्या फटीतून निघून शेजारच्या टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्यात खोचलेली.

दर आठवड्याला एक प्रकरण ग्रंथालयात जाई आणि तिथे श्रोते जमून ते ऐकत. आता शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं आणि नेमका वहिनींचा घसा बसला. आज तो कसाबसा उघडला होता. सकाळीच ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला होता, "वहिनी, संध्याकाळी सगळे शेवट ऐकायला येणार आहेत. तीनपर्यंत तुमचं प्रकरण आलं तर उत्तम. नाहीतर मग आम्ही त्या रेडिओवाल्यांना सांगू, ते इथेच वाचून दाखवतील."

रेडिओवाले म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले एक निवेदक. आवाज भारदस्त होता, पण ते प्रेमपत्रसुद्धा हवामानाच्या बातम्यांसारखं वाचायचे. इतके महिने जपलेली कादंबरीतली माणसं शेवटच्या क्षणी त्यांच्या हवाली करायची वहिनींची मुळीच तयारी नव्हती.

तर सकाळी वहिनींनी संगणक चालू केला आणि पडद्यावर एक चौकट उगवली. 'एका प्रोग्रॅममध्ये अडचण आढळली आहे. कळवायचं का?' खाली दोन बटणं, 'कळवा' आणि 'राहू द्या'. वहिनींनी तिच्याकडे न बघताच 'राहू द्या' दाबलं आणि गरम पाण्याचा घोट घेतला.

"अगं! हे काय केलंस?" साहेब ओरडले.

"काय केलं?"

"तक्रार आली होती!"

"रोजच येते. तुम्ही बातम्या वाचून उठलात आणि मी बसले की येते. मी राहू द्या म्हणते, ती जाते. आमचं दोघींचं छान जमतं."

"पण ती काय म्हणत होती ते वाचलंस तरी का?"

"अहो, घरात जो जो कुरकुरतो त्याचं सगळं ऐकत बसले तर कादंबरी कधी वाचू?" वहिनी उठल्या. "मी डॉक्टरांना घसा दाखवून येते. आल्यावर लगेच रेकॉर्डिंगला बसणार आहे. संगणकाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?"

(माणूस हे वाक्य म्हणतो तेव्हा त्याचा हात अर्धा पुढे गेलेला असतो.)

दार बंद झालं आणि साहेब खुर्चीत बसले. संगणक जुना होता. तो फारच रेंगाळायला लागला तेव्हा दुसऱ्या गावी असलेल्या त्यांच्या इंजिनिअर लेकीने मागच्या खेपेला त्यातली जुनी प्रणाली काढून लिनक्स घालून दिलं होतं. लिनक्स म्हणजे काय ते साहेबांना कळलं नव्हतं. पण 'बाबा, हे प्रामाणिक असतं, काय बिघडलं ते सरळ सांगतं' असं लेक म्हणाली होती, आणि हा गुण कार्यालयात फारसा पाहायला न मिळाल्यामुळे साहेबांना त्याचं कुतूहल होतं. लेकीने एक काळी खिडकीही दाखवून ठेवली होती. काही अडलं तर ती उघडायची, एक आज्ञा टाइप करायची आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून पाठवायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. (मायलेकींचं एकमेकींशी पटत नसे, पण या एका मुद्द्यावर दोघींचं पूर्ण एकमत होतं.)

साहेबांनी काळी खिडकी उघडली, आज्ञा दिली, आणि बघतच राहिले.

ओळीच ओळी! खालून वर सरसर चाललेल्या, काही पांढऱ्या, काही लालभडक. प्रत्येक ओळीला तारीख. तारखेपुढे वेळ, तीही सेकंदासकट. मग कुठल्या विभागाची तक्रार आहे ते. आणि मग मोजक्या शब्दांत विषय. ना 'सविनय', ना 'आपला कृपाभिलाषी', ना शेजाऱ्याची बदनामी! साहेबांचा ऊर भरून आला. कार्यालयात त्यांच्या हाताखाली दोन कारकून होते. एक तारीख विसरायचा, दुसरा विषय.

"व्वा!" साहेब रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. "याला म्हणतात नोंद!"

नीट पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लाल ओळींत एकच गाऱ्हाणं आहे. 'यूएसबी उपकरण निघालं.' लगेच खाली, 'नवीन यूएसबी उपकरण जोडलं गेलं', आणि पुढे त्याचा क्रमांक. पुन्हा 'निघालं'. पुन्हा 'नवीन जोडलं गेलं', आणि पुढचा क्रमांक. उपकरण एकच, वहिनींचा मायक्रोफोन. पण निघून परत आला की यंत्र त्याला नव्याने आत घ्यायचं आणि नवा क्रमांक द्यायचं. एकच अर्जदार आणि दर खेपेला नवा आवक क्रमांक! 'कालच येऊन गेलात ना?' असं नाही, 'साहेब जेवायला गेलेत' असं नाही. साहेब इतके भारावले की क्षणभर त्यांना त्या डब्याला बढती द्यावीशी वाटली.

आणि गंमत अशी, की साहेब जसजसे रंगात येत होते, तसतशा ओळीही जोरात वाहत होत्या.

आता इथे थांबून लेकीला फोटो पाठवला असता तर बिघडलं नसतं. पण आयुष्यभर तक्रारींत घालवलेला माणूस, तो दुसऱ्याकडे प्रकरण कसं सोपवणार? त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. कुणा एका जाणकाराने सल्ला दिला होता, 'पूर्ण तपशील हवा असेल तर नोंदीची पातळी वाढवा,' आणि खाली आज्ञा दिली होती. त्याच्या आधी त्याने लिहिलेलं 'फक्त थोड्या वेळासाठी' हे साहेबांनी वाचलंच नाही. त्यांचे डोळे 'पूर्ण तपशील' या शब्दांवर खिळले होते. तेवीस अर्जांपैकी बावीस अर्ज ते 'तपशील अपुरा' असा शेरा मारून परत पाठवत असत. इथे तपशील स्वतःहून यायला तयार होता!

त्या आज्ञेच्या सुरुवातीला 'सुडो' होतं. सुडो म्हणजे 'मालक हुकूम देत आहेत, बाजूला व्हा' अशी ललकारी. यंत्राने पासवर्ड विचारला. तो म्हणजे लेकीचं लाडकं नाव, साहेबांना पाठच होता. हुकूम सुटला.

मग काय विचारता! मायक्रोफोन एकदा निघाला की आता एका ओळीऐवजी अख्खा अहवाल यायला लागला. कुठून निघाला, निघताना काय म्हणाला, कुणाकुणाला भेटला, परत आल्यावर त्याला कुणी ओळख विचारली, सगळं आलं. साहेब ते वाचताना देहभान विसरले. आणि एवढा मोलाचा दस्तऐवज एकाच जागी कसा ठेवायचा? त्यांनी शिरस्त्याप्रमाणे त्या फायलीच्या तीन प्रती काढल्या. एक कार्यालयीन, एक संदर्भासाठी, आणि एक या दोन गहाळ झाल्या तर असावी म्हणून.

थोड्या वेळाने पडद्यावर नवी चौकट आली. 'डिस्कवर जागा कमी आहे.' साहेबांनी तिचीही नोंद घेतली. मघाच्या प्रती आता जुन्या झाल्या, म्हणून त्यांनी त्या पुन्हा नव्याने काढल्या.

वहिनी आल्या त्या गडबडीतच. चप्पल काढली, कपाट उघडलं, स्टूल सरकवलं, पुस्तक उघडून ठेवलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, 'जागा शिल्लक नाही.'

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"अहो, सकाळपर्यंत भरपूर जागा होती."

"असेल. मी तर नुसता..."

"हात लावलात?"

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. वहिनी मटकन पलंगावर बसल्या. "आता तो रेडिओवाला वाचणार," त्या म्हणाल्या. "अहो, किती जपून वाचलंय हो मी ते पुस्तक!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बायको रागावली असती तर त्यांना सवयीचं होतं, पण हे वेगळंच होतं. त्यांनी मुकाट्याने लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुम्ही कशाकशाला हात लावलात?"

"मी फक्त वाचत होतो गं."

"नुसतं वाचणारे लोक सुडो टाइप करत नाहीत. थांबा, मी इथून बघते." तिला दुरूनही तो संगणक दिसायची सोय तिने करून ठेवली होती. थोडा वेळ तिच्या बोटांचा खडखडाट ऐकू आला. "अरे देवा! या नोंदींची फाइल एवढी मोठी कशी? आणि या चार का आहेत?"

"एक मूळ आणि तीन प्रती."

पलीकडे लेकीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आई, तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"तू इतकी वर्षं कशी काय गं..."

"ते आपण नंतर निवांत बोलू. आता काय करायचं ते सांग."

"सगळ्या पुसायच्या. मग जागा होईल. बाबा, मी सांगते ती ओळ टाइप करा."

"पुसायच्या?" साहेब ताडकन सावरून बसले. "रेकॉर्ड नष्ट करायचं? अगं, त्याला मंजुरी लागते! समिती बसावी लागते!"

"समिती बसलेली आहे. मी आणि आई. मंजूर."

"पण अजून तक्रारीचं निवारण झालेलं नाही! बघ, आत्तासुद्धा येतायत. निघालं, जोडलं, निघालं, जोडलं..." साहेब घाईघाईने बोलायला लागले आणि पडद्यावर ओळींचा लोंढा सुटला.

"हे काय होतंय?" लेक म्हणाली. "आई, त्या मायक्रोफोनची वायर कुणी ओढतंय का?"

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग वायरीवरून त्यांची नजर हळूहळू खाली टेबलाखाली गेली. तिथे संगणकाचा डबा होता, डब्यात मायक्रोफोनची वायर खोचलेली होती, आणि वायरीला खेटून साहेबांचा उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा थडथड हलत होता.

वहिनी उठल्या, वाकल्या आणि त्यांनी त्या गुडघ्यावर हात ठेवला.

ओळी थांबल्या.

वहिनींनी हात काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गुडघा आपल्या नादात पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. वहिनींनी पुन्हा हात ठेवला. पुन्हा सगळं शांत.

"सापडलं," वहिनी लेकीला म्हणाल्या.

"काय, वायर सैल आहे?"

"तुझे बाबा."

साहेब आपल्या गुडघ्याकडे असे बघत होते, जणू तो आत्ताच कुणी त्यांना आणून जोडला होता. लग्न झाल्यापासून हा पाय हलत होता. जेवताना हलला की ताटं वाजायची. नाटकाला गेलं की अख्खी रांग मागे वळून बघायची. दवाखान्याच्या बाकावर हलला की शेजारचे पेशंट उठून दुसरीकडे जायचे. वहिनी सगळ्यांत जवळ बसायच्या आणि कधी उठून गेल्या नव्हत्या. आणि हे यंत्र पाहा! पहिल्या धक्क्यापासून त्याने तारीख, वेळ घालून रीतसर लेखी तक्रार केली होती, आणि साहेब इतका वेळ त्या तक्रारीच्या अक्षराचं कौतुक करत बसले होते.

"तू कधी बोलली का नाहीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बोलले होते की. लग्नाच्या पहिल्या वर्षी."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, नोंद घेतली."

फोनमधून लेकीचा दाबलेला हसण्याचा आवाज आला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त नवल वाटलं, की एवढं सगळं पोटात घालून ही बाई दुसऱ्यांसाठी कपाटात बसून पुस्तकं वाचते. त्यांनी की-बोर्ड पुढे ओढला. "सांग ती ओळ," ते लेकीला म्हणाले. उभ्या नोकरीत ज्यांनी कागदाचा चिटोरा फाडला नव्हता, त्या माणसाने स्वतःच्या बोटांनी मूळ नोंद आणि तिन्ही प्रती पुसल्या. डोळे मिटून पुसल्या, पण पुसल्या. लेकीने तिकडून नोंदीची पातळी पूर्ववत केली आणि वायर मागच्या बाजूला घट्ट खोचायला सांगितली.

"आता तुम्ही पलंगावर बसा," वहिनींनी फर्मावलं. "मांडी घालून. आणि हूं की चूं करायचं नाही."

साहेब बसले. वहिनींनी बटण दाबलं, कपाटात शिरल्या आणि दार ओढून घेतलं.

आता खरी गोष्ट सांगायची तर, इतक्या महिन्यांत साहेबांनी वहिनींचं वाचन कधी ऐकलंच नव्हतं. त्या वाचायच्या तेव्हा ते कार्यालयात दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत असायचे. आज पहिल्यांदाच कपाटाच्या फटीतून तो आवाज त्यांच्या कानावर पडला. गोष्ट एका नावाड्याची होती. नदीवर पूल झालेला, आता होडीत कुणी बसत नाही. शेवटच्या दिवशी तो होडी ओढून ठेवायला जातो, तर काठावर त्याची बायको उभी. जन्मभर ती त्याचा डबा घेऊन काठापर्यंत यायची आणि परत फिरायची. होडीत कधी बसली नव्हती. 'मला पलीकडे सोड,' ती म्हणते. 'पलीकडे काय काम आहे?' तो विचारतो. 'काही नाही,' ती म्हणते, 'तू कसा वल्हवतोस ते बघायचंय.'

वहिनींनी ते वाक्य इतकं हलकेच वाचलं, की साहेबांना वाटलं ते आपल्यालाच म्हटलंय. वहिनी आता शाळामास्तरीण राहिल्या नाहीत, त्यांच्या घरातली रोजची बाईही राहिल्या नाहीत. कपाटात नदी होती, संध्याकाळ होती, वल्ह्याचा आवाज होता. ही एवढी मोठी कलावंत आपल्या कोट-स्वेटरांत बसून असते आणि आपल्याला पत्ता नाही! साहेबांनी उशी तोंडाशी धरली. त्यांचे दोन्ही पाय मांडीत अगदी निपचित पडून होते.

प्रकरण संपलं. वहिनी घामाघूम होऊन बाहेर आल्या. साहेब घाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. वहिनींनी कानाला हेडफोन लावून शेवटचा भाग ऐकला. एका ठिकाणी थबकल्या, मागे जाऊन पुन्हा ऐकला आणि गालातल्या गालात हसल्या.

"आई," तिकडून तेच प्रकरण ऐकणारी लेक फोनमधून म्हणाली, "होडीत बसल्यावर तिथे मागे काहीतरी..."

"असू दे गं. पाठव तू."

तीन वाजायच्या आत प्रकरण पोहोचलं. रेडिओवाले गृहस्थ संध्याकाळी श्रोत्यांतच बसले, आणि खोटं कशाला बोला, ऐकताना त्यांनीही चष्मा पुसला. संपल्यावर बराच वेळ कुणी उठेना. मग हळूहळू माणसं काठ्या सावरत वहिनींभोवती जमली. कुणी हात हातात घेतला, कुणी नुसतंच 'बाई, बाई' म्हटलं. साहेब शेजारी उभे राहून ते सगळं डोळ्यांत साठवत होते. त्यांना वाटत होतं, कार्यालयातल्या सगळ्यांना इथे आणून उभं करावं.

वाद्यांचे सूर जुळवणारे एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांना दिसत नव्हतं, पण कान असा तयार की खोलीत सुई पडली तर ती कुठल्या सुरात पडली ते सांगतील.

"बाई, वाचन तर अप्रतिमच," ते म्हणाले. "पण मला त्या दुसऱ्या बाईंचं फार कौतुक वाटलं."

"कुठल्या दुसऱ्या?"

"ती होडीत बसते ना, तेव्हा मागे कुणीतरी हुंदके देत होत्या. दाबून, पण अगदी मनापासून. आवाज जरा जाडाभरडा आहे त्यांचा, पण मन फार हळवं हो! कोण त्या?"

साहेबांचे कान लाल झाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या घरातल्याच आहेत," त्या म्हणाल्या. "अधूनमधून मला मदत करतात."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं." म्हातारबुवांनी आवाज जरा खाली आणला. "आणि तुमचे मिस्टर? ते ऐकतात का कधी तुमचं वाचन?"

साहेब हातभर अंतरावर उभे होते. 'ऐकलं! आजच ऐकलं!' असं ओरडून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. पण समोरचा कान कसला आहे ते त्यांना वेळेवर आठवलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी त्या बाई कोण ते अख्ख्या ग्रंथालयाला कळलं असतं. त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि जोरजोरात मान हलवली.

म्हातारबुवांनी थोडा वेळ वाट पाहिली. वहिनी हसू दाबण्यात गुंतल्या होत्या, त्यामुळे कुठूनच काही उत्तर आलं नाही.

"जाऊ द्या," ते वहिनींचा हात थोपटत म्हणाले. "नवऱ्यांना कुठली आलीय बायकोच्या कामाची कदर! त्यांच्यापेक्षा त्या बाई शंभरपटीने बऱ्या."